सम, विषम

हुकूम साधा होता:
विषम आकड्यांची पुस्तकं लूव्हनमध्ये राहतील,
सम आकड्यांची जातील
पंचवीस किलोमीटरवर,
जिथे चिखलात अजून क्रेन उभ्या होत्या
आणि विद्यापीठाला नाव होतं, दारं नव्हती.

मी आकडा वाचायचे.
सम आला की फिर्मँ निळ्या शाईचं टिंब द्यायचा.
तो वालून, मी फ्लेमिश,
गोंदाची बाटली दोघांत एक.
दुपारी त्याच्या डब्यातलं चीज मी खायचे,
माझ्या पावावरचे मुळे तो.
आणि वाटणी चालूच,
भावाभावांत तांब्यापितळेची होते तशी,
फक्त इथे कुणी उंबऱ्यावर बसून शिव्या देत नव्हतं.
सगळं टाइप केलेलं होतं, तीन प्रतींत.

खोटं कशाला बोलू,
तीन वर्षांपूर्वी त्याच रस्त्यावर
मीही ओरडले होते: वालून, चालते व्हा.
घसा आठवडाभर बसला होता.
माझ्या बापाला एकदा कोर्टात दंड झाला.
न्यायाधीश फ्रेंचमध्ये बोलला,
आणि बाप टोपी काढून म्हणाला, मेर्सी.
त्याला वाटलं, सुटलो.
घरी शेजाऱ्याने कागद वाचून दाखवला.
हे मी फिर्मँला सांगितलं, काम चालू असताना.
तो बराच वेळ टिंब द्यायला विसरला.
चार पुस्तकं त्यामुळे
चुकीच्या गावी राहिली.

जर्मन विश्वकोश, तीस खंड.
तिसरा आमचा, चौथा त्यांचा.
मधमाशी नेमकी वाटणीत सापडली.
तिसऱ्याचं शेवटचं पान म्हणतं,
पोळं फुटतं तेव्हा जुनी राणी
आणि पुढे पुठ्ठा.

वर्षभराने मी फोन केला:
फिर्मँ, राणीचं पुढे काय झालं?
थांब, म्हणाला. जिना उतरल्याचा आवाज,
चढल्याचा आवाज, धाप.
मग त्याच्या फ्रेंच वळणाच्या फ्लेमिशमध्ये
एकेक शब्द मोजून:
अर्ध्या माश्या घेऊन निघते,
पण पहिले काही दिवस
संध्याकाळी जुन्या फांदीवर येऊन बसते.
मी लिहून घेतलं आणि चिकटवलं.

आता नातू, वाउट, खिडकीला
पिवळा झेंडा लावतो, त्यावर काळा सिंह.
कशाला ओढायचा हा जोडसंसार, म्हणतो,
एक सही, चूल वेगळी.
मी विचारते, राजा सम की विषम?
कर्ज? समुद्र तर सगळा आपल्याच बाजूला,
त्याचं काय देणार त्यांना?
आणि ब्रसेल्स?
त्याचा काटा-चमचा हवेत राहतो.
मग म्हणतो, एकदा दीड वर्ष सरकार नव्हतं,
दूध आलं, कचरा गेला,
बघ, देश लागतच नाही.
मी म्हणते, बघ, तरी मोडला नाही.
पुरावा दोघांचा एकच.
बटाटे गार होतात.

फिर्मँ गेला त्याच्या पुढच्या सोमवारी
मी गाडीत बसले.
अर्ध्या वाटेत घोषणेची भाषा बदलली,
गाडी थांबली नाही.
चौथ्या खंडाच्या पाठीवर निळं टिंब
अजून आहे, फिकं.
पहिलं पान, पहिली ओळ:
जुनं घर लेकीला सोडून निघून जाते. परत येत नाही.
पूर्णविराम.
त्याखाली नर माश्यांविषयी माहिती.

बदमाश.
चाळीस वर्षं मी विद्यार्थ्यांना
ती फांदी वाचून दाखवली.

चिठ्ठी काढायला गेले खरी.
गोंद पिवळा पडलाय, पण पक्का.
ओढली तर पान फाटेल,
म्हणून राहू दिली. की म्हणून नव्हे, माहीत नाही.

निवृत्त झाले तरी गुरुवारी जाते.
फळीवर खंड तीन, मग पाच.
मधे मी बोटभर जागा सोडत आले आहे.
नव्या ग्रंथपालाला ती गबाळेपणा वाटते,
पोरगा पुस्तकं नीट सरकवून ठेवतो.
मी पुन्हा सरकवते.